क्यूआर कोड पैसे घ्यायला लावलात, आता गिऱ्हाईक परत आणायला लावा

तुमच्या गल्ल्यावर पेमेंटचा क्यूआर कोड असेलच. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पैसे देतं आणि जातं. पण ते परत कसं येणार?

आधी माझी चूक ऐका. माझं मसाल्याचं दुकान आहे. दसऱ्याला २,००० पत्रकं वाटली, त्यावर फराळाच्या ऑर्डरसाठी क्यूआर कोड. एका वेबसाइटवर फुकटात बनवला होता. धनत्रयोदशीला एक काकू दुकानात येऊन म्हणाल्या, "अरे, तुझा कोड चालत नाही." फुकट मुदत १४ दिवसांचीच होती! ऐन सीझनमध्ये ऑर्डरी गेल्या, छपाईचे पैसेही पाण्यात.

म्हणून हा फरक समजून घ्या. स्टॅटिक कोडमध्ये तुमची लिंक थेट चित्रातच असते. त्याला मुदत नसते, पण छापल्यावर लिंक बदलता येत नाही. डायनॅमिक कोड आधी सेवा देणाऱ्या कंपनीच्या लिंकवर जातो, तिथून तुमच्या पानावर. लिंक नंतर बदलता येते, स्कॅन मोजता येतात, पण ती सेवा थांबली की कोडही थांबला. सुरुवात स्टॅटिकनेच करा.

आता मी काय करतो? व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये मेसेज आधीच लिहून ठेवता येतो. पिशवीवरच्या कोडमध्ये "पिशवीवरून ऑर्डर", काउंटरवरच्या कोडमध्ये "काउंटरवरून ऑर्डर". कुठला कोड चालतो ते मेसेज मोजून कळतं, तेही एक रुपया न देता.

छापताना एवढं बघा:

१. जेवढ्या अंतरावरून स्कॅन होणार, त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढा कोड हवा. १ मीटरला १० सेंटीमीटर.

२. पांढऱ्यावर काळा कोड, चारही बाजूंनी मोकळी जागा.

३. नुसतं "स्कॅन करा" नको. "स्कॅन करा, गोडा मसाला घरपोच मागवा" असं लिहा. आपल्याला काय मिळणार ते कळल्याशिवाय कोणी मोबाईल काढत नाही.

४. पेमेंटचा कोड वेगळा ठेवा. त्यावर कोणी दुसरा कोड चिकटवला नाही ना, हे रोज दुकान उघडताना तपासा.

आजचा गृहपाठ: एकच कोड बनवा, एकच प्रत छापा आणि घरातल्या तीन वेगळ्या मोबाईलवर स्कॅन करा. तिन्हींवर चालला, तरच प्रेसला फोन करा. मी तो फोन आधी केला होता!