बंडी उलाळ होते, ट्रॉलीचे काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात ढाणकी हे बाजाराचे गाव आहे. कापसाच्या दिवसांत इथल्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर ट्रॅक्टरमागे डुलत जाणाऱ्या ट्रॉल्या दिसतात. कुणी बाजूंना जाळ्या लावून कापूस वरपर्यंत दाबून भरलेला असतो, कुणी सोयाबीनची पोती रचलेली असतात. कुणी ट्रॉलीवर चारी बाजूंनी पत्रा ठोकून वर छप्पर चढवलेले असते, म्हणजे माल भिजू नये. एका शिक्षक मित्राने आम्हाला विचारले, "घरी ट्रॉली घ्यायची आहे. उघडी घ्यावी की बंद डब्याची? किती मोठी घ्यावी?"

प्रश्न व्यवहाराचा होता. पण उत्तर शोधताना आम्ही शाळेच्या पुस्तकातल्या तरफेपर्यंत येऊन पोचलो. ट्रॉलीत किती माल मावतो हे सगळेच विचारतात. माल कुठे बसतो, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. आणि गाडी वेळेवर थांबणार की नाही, हे बरेचसे त्यावरच ठरते.

बैलाला कळते ते

दोनचाकी बंडी हाकणाऱ्याला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि पट्टा गळ्याला काचू लागतो. माल पुढे जास्त झाला तर जू मानेवर दाबते आणि बैल पाऊल अडखळत टाकतात. म्हणून बंडीवाला दोन पोती पुढे सरकवतो, एक मागे घेतो, जू हाताने उचलून पाहतो आणि मगच निघतो. जू थोडेसे दाबले पाहिजे, पण फार नाही. हाताने केलेले हे मोजमापच आहे.

शास्त्राच्या भाषेत बंडी ही एक तरफ आहे. चाकांचा आस हा टेकू. सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य टेकूच्या पुढे असेल तर जू खाली दाबते, मागे असेल तर वर जाते. दोनचाकी ट्रॉलीही तशीच. फक्त जुवाच्या जागी ट्रॅक्टरचा हूक आहे. फरक एवढाच, की बैल मान हलवून तक्रार करतो, ट्रॅक्टर काही बोलत नाही.

थोडे गणित करू

समजा, रिकामी ट्रॉली १५०० किलोची आहे आणि तिच्यात ४५ क्विंटल माल आहे. एकूण ६००० किलो. आसापासून हुकापर्यंतचे अंतर ३ मीटर धरू. गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर हुकावर येणारा भार ६००० × ०.३ ÷ ३ = ६०० किलो. म्हणजे एकूण वजनाच्या दहा टक्के. तोच माल तेवढाच मागे सरकला, तर हूक ६०० किलोने वर ओढला जाईल.

आता ट्रॅक्टरकडे पाहू. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि शेतीच्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. म्हणजे सगळा लवाजमा थांबवण्याचे काम ट्रॅक्टरची दोन मागची चाके करतात. ही चाके रस्त्याला किती घट्ट धरतील हे त्यांच्यावर किती वजन आहे त्यावर अवलंबून असते.

ट्रॅक्टर २००० किलोचा घेऊ. पुढच्या चाकांवर ८००, मागच्यांवर १२०० किलो. हूक मागच्या आसाच्या ०.७ मीटर मागे आणि दोन आसांमधले अंतर २ मीटर. हुकावर ६०० किलो दाब आला, की पुढच्या चाकांवरचे २१० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर २०१० किलो येतात. हूक ६०० किलोने वर ओढला गेला, तर मागच्या चाकांवर उरतात फक्त ३९० किलो.

वेग ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. रस्ता कोरडा, घर्षणांक ०.६. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर असे येते:

ट्रॅक्टर एकटा: सुमारे ७ मीटर.
ट्रॉलीसह, माल आसाच्या थोडा पुढे: सुमारे १६.५ मीटर.
ट्रॉलीसह, माल बरोबर आसावर: सुमारे २८ मीटर.
ट्रॉलीसह, माल आसाच्या मागे: सुमारे ८५ मीटर.

हे गणित ढोबळ आहे. चाके फिरताना रस्त्याचा जो विरोध होतो तो आपण धरलेला नाही. तो धरला तर शेवटचा आकडा बराच खाली येईल. उलट उतार असेल किंवा रस्ता ओला असेल तर सगळेच आकडे वाढतील. पण क्रम बदलणार नाही. माल तोच, ट्रॅक्टर तोच, चालवणाराही तोच. फक्त पोती मागे रचली गेली.

मग माल पुढेच का कोंबू नये? कारण हुकावरचा दाब वाढत गेला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. वळण घ्यायचे काम त्यांचेच. चढावर ती उचलली गेली तर सुकाणू हातात असून नसल्यासारखे. अमेरिकेत मोटारीमागे बंद डब्याचे ट्रेलर जोडून सामान नेण्याची पद्धत आहे. तिथे हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा असा सर्वसाधारण नियम सांगतात. मोटारीचा वेग जास्त असल्याने तिथे आणखी एक धोका असतो: मागे जड झालेला ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. आपल्या बंडीवाल्याचे "थोडेसे दाबले पाहिजे, पण फार नाही" हे त्याच नियमाचे मराठी रूप आहे.

उघडी की बंद?

बंद डब्याचा फायदा उघड आहे. पाऊस, धूळ आणि चोरी यांपासून माल वाचतो. पण तोटेही लक्षात घ्यावेत. पत्र्याचे आणि सांगाड्याचे वजन कायमचे वाहावे लागते, आणि त्यातला छपराचा भाग सर्वांत वर असतो. दार मागे असते, त्यामुळे जड वस्तू दाराजवळच टेकवून ठेवण्याचा मोह होतो. आणि आत काय कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही.

उंचीचा प्रश्न कापसालाही आहे. कापूस हलका असल्याने वजनाआधी जागा संपते आणि ढीग वर चढतो. चाकांमधले अंतर १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटरवर असेल, तर १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ट्रॉली ताशी साधारण ३२ किलोमीटरला उलटण्याच्या बेतात येईल. गुरुत्वमध्य १.६ मीटरवर गेला तर २५ किलोमीटरलाच. आणि एका बाजूचे चाक डांबराच्या कडेवरून २० सेंटिमीटर खाली उतरले तर जेमतेम २१. टायर दबतात, पाटे वाकतात, म्हणून प्रत्यक्षातली मर्यादा याहूनही कमी असते.

घेताना काय पाहावे

पहिले, आस कुठे आहे ते पाहा. माल सपाट, सारखा भरला तर गुरुत्वमध्य आसाच्या किंचित पुढे यायला हवा. ट्रॉलीच्या बाजूवर आसाच्या रेषेत रंगाचा एक पट्टा ओढून घ्या, म्हणजे भरणाऱ्याला टेकू डोळ्यांसमोर दिसेल. दुसरे, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवता येतात का ते विचारा. तिसरे, मागे लाल परावर्तक आणि दिवे हवेतच. रात्री रस्त्याच्या कडेला उभी असलेली अंधारी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही. चौथे, कागदपत्रे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हे वेगळे वाहन आहे. तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकही तिच्यावर दिसावा लागतो. जुनी ट्रॉली घेताना हे आधी तपासावे.

आणि पाचवे, जे विकत घेता येत नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात, हळदीच्या शेतात कामाला निघालेल्या मजूर महिलांची ट्रॉली ट्रॅक्टरसह विहिरीत पडली. सात जणींचा जीव गेला. त्या अपघाताचे कारण वरचे गणित होते असे आमचे म्हणणे नाही. पण ट्रॉलीला आसन नाही, पकडायला दांडा नाही, आणि आतली माणसे सरकली की गुरुत्वमध्यही सरकतो. ती मालासाठी बनवलेली आहे. नांदेड जिल्हा उमरखेडला लागूनच आहे, आणि अशा ट्रॉल्या आपल्याही रस्त्यांवर रोज सकाळी दिसतात. आपल्या वर्गातल्या मुलांच्या आया त्यांत बसलेल्या असतात.

वर्गात करून पाहा

पुठ्ठ्याचे एक लांबट खोके घ्या. तळाच्या मध्याच्या जरा मागे पेन्सिल आरपार घालून तिला बाटल्यांची दोन बुचे चाके म्हणून लावा. पुढे फूटपट्टी दांडीसारखी बांधा आणि तिचे टोक ताणकाट्याला अडकवा. आता एक दगड खोक्यात पुढून मागे दोन-दोन सेंटिमीटर सरकवत न्या आणि दर वेळी काट्यावरचा आकडा लिहून आलेख काढा. आकडा सरळ रेषेत उतरत जाईल. तो शून्यावर येतो तिथे थांबा आणि मुलांना विचारा, दगड आणखी मागे नेला तर काय होईल? ज्यांच्या घरी बंडी आहे त्यांचे हात आधी वर होतील.

मग आलेख वहीत ठेवून मुलांना घरी एकच काम द्या. ट्रॉली भरताना पोती आसाच्या पुढे किती आणि मागे किती, एवढे मोजून यायचे.