कार्पेटवर घोंगडी, घोंगडीवर गोधडी

भाड्याचा फ्लॅट, मालकाचं कार्पेट आणि नुकतंच पालथं पडायला लागलेलं बाळ... करायचं काय? ऑनलाइन मागवलेल्या प्ले-मॅटनं दगा दिला, तेव्हा उत्तर सापडलं हिंगोलीच्या घरातल्या माळ्यावर!

घरात बाळ येणार म्हटल्यावर आपण काय काय घेतो? स्ट्रोलर, कार सीट, बेबी मॉनिटर... प्रत्येकाचे रिव्ह्यू रात्र-रात्र जागून वाचून झालेले असतात. पण लोळायला, पालथं पडायला, रांगायला ते बाळ ज्या जमिनीवर शिकणार, त्या जमिनीचं काय? तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आमचंही गेलं नव्हतं.

माझी ताई पुण्यात आयटीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, या आपल्याकडच्या अलिखित नियमाप्रमाणे ती हिंगोलीला आली. २०१७ साली कायदा बदलल्यापासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते खरी, पण त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले. म्हणजे भाची पाच महिन्यांची होते न होते तोच लॉगिन! त्यात पुण्याच्या फ्लॅटमध्ये मालकानं हॉलभर कार्पेट चिकटवून ठेवलेलं. काढायचं नाही, ही अॅग्रीमेंटमधलीच अट.

ताईचं लॉजिक सिंपल होतं. कार्पेटवर प्ले-मॅट टाकायची. खाली मऊ, वर मऊ, डबल सेफ्टी! रंगीत अक्षरांची, गुबगुबीत फोमची मॅट तिनं हिंगोलीच्याच पत्त्यावर मागवली. आमच्या हॉलमध्ये शहाबादी फरशीवर बाबांचं लाडकं मरून कार्पेट आहे. पुण्याला जायच्या आधी इथंच रंगीत तालीम करू, असा प्लॅन ठरला.

तालीम जेमतेम दहा मिनिटं चालली.

दहा सेकंदांची गोष्ट

भाची मॅटवर पालथी पडली, हातांवर जोर दिला आणि पाय झाडायला लागली. आम्ही दोघी मोबाइल काढून सज्ज. तिच्या प्रत्येक लाथेसरशी मॅट तसूभर मागं सरकत होती, ते आमच्या लक्षातच आलं नाही. सरकता सरकता मॅटची कड दुमडली, मध्ये एक खोलगट घडी पडली, भाची कुशीवर वळली आणि तिचं तोंड नेमकं त्या घडीत गेलं. आवाज नाही, रडणं नाही. ताई शेजारीच होती म्हणून दहा सेकंदांत तिला उचललं. काही झालं नाही. पण ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी ऑफिसात असताना हे झालं असतं तर?" ती एवढंच म्हणाली.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात दिवसभर भाचीला सांभाळायला एक मावशी ठरल्या होत्या. पण त्याही स्वयंपाकघरात जाणार, दार उघडायला उठणार. आई सोबत जाऊ शकत नव्हती, कारण ते हळद शिजवायचे दिवस होते. हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात हळद काढणं, शिजवणं, वाळवणं या दिवसांत घरातलं माणूस हलत नाही. थोडक्यात काय, जमीनच अशी करायला हवी होती, की कुणाची नजर क्षणभर हलली तरी तिनं दगा देऊ नये.

मॅट चालते कशी?

कार्पेटवर टाकलेली मॅट सरकते, यात मॅटचा एकटीचा दोष नसतो. कार्पेटचे धागे उभे असतात आणि दाब पडला की एका बाजूला कलतात. त्यांच्यावर गुळगुळीत बुडाची वस्तू ठेवली आणि वर हालचाल सुरू झाली, की ती त्या कलाच्या दिशेनं हळूहळू पुढं जाते. मॅटच्या खालचे 'अँटी-स्किड' रबरी ठिपके असतात फरशीसाठी. गुळगुळीत फरशीवर ते घट्ट बसतात, कार्पेटच्या लवेत मात्र त्यांना धरायला काही सापडत नाही.

दुसरी भानगड मऊपणाची. खाली जाड कार्पेट, वर जाड फोम, म्हणजे बाळाच्या हाताखालची जमीन दबते. पालथं पडलेल्या बाळाला मान उचलायला, हातावर जोर द्यायला खाली घट्ट आधार लागतो. गादीवर उभं राहून जोर काढून बघा, म्हणजे बाळाचं दुःख कळेल!

परदेशात यावर तयार उत्तर मिळतं. दोन थरांच्या मध्ये घालायचं जाड, खरबरीत नमद्यासारखं अस्तर. ताई लगेच मोबाइलवर ते शोधायला लागली. तोवर आई माळ्यावर चढली होती.

माळ्यावरचं उत्तर

आई खाली उतरली ती आजोबांची घोंगडी घेऊन. रात्री शेतात राखणीला जाताना ते हीच खांद्यावर टाकायचे.

"आई, ही टोचेल ना तिला!" ताई ओरडली.

"लेकराच्या अंगाला कशाला लावतीस? मधी टाकायची," आई म्हणाली. "वरून गोधडी."

आता गंमत बघा. घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर. धनगरांच्या मागावर विणून झाली, की तिला चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ती ताठ होते. म्हणजे एकाच वस्तूत दोन्ही गुण. खरबरीत असल्यामुळं ती खाली कार्पेटला धरते आणि वर गोधडीला. ताठ असल्यामुळं तिला सहज घडी पडत नाही. ताई जे अस्तर मागवायला निघाली होती, त्याचंच काम करणारी वस्तू आमच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून होती!

वर आली गोधडी. आजीच्या जुन्या लुगड्यांची, आईनं दाट धावदोऱ्यानं शिवलेली. शेकडो वेळा धुतलेलं सुती कापड, त्यामुळं रंग जायचा तो कधीच गेलेला. टाका दाट असल्यामुळं थर एकमेकांत घट्ट बसलेले, रजईसारखा फुगवटा नाही. आईनं गोधडीच्या कडा चारही बाजूंनी घोंगडीखाली दुमडल्या. मग अख्खं अंथरूण भिंतीच्या कोपऱ्यात सरकवलं आणि तिसऱ्या बाजूची कड दिवाणाच्या पायांखाली दाबली. मोकळी राहिली एकच बाजू.

मी स्वतः त्यावर लोळून पाहिलं, ओढून पाहिलं. नाही म्हणजे नाही सरकलं!

ताई बरोबर, आईही बरोबर

तरी दोघींचं एकदा वाजलंच. दूध पिऊन भाची तिथंच पेंगायला लागली, तेव्हा आई म्हणाली, "निजू दे की तिथंच." ताई ठाम, "अजिबात नाही."

इथं ताईला फुल मार्क्स. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' ही बालरोगतज्ज्ञांची संस्था कित्येक वर्षं सांगते आहे, की पहिलं वर्षभर बाळाला झोपवायचं ते पाठीवर, घट्ट आणि सपाट अंथरुणावर. आजूबाजूला उशी, दुलई, मऊ गुंडाळी नको. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवण्याची मोहीमच सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण बरंच खाली आलं.

पण जागेपणी? तिथं आईला फुल मार्क्स. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. अर्थात, कुणीतरी समोर बसून. तेव्हा तह झाला. खेळ गोधडीवर, झोप पाळण्याशेजारच्या सपाट गादीवर.

आणि त्या फोमच्या मॅटचं काय?

ती वाईटच, असं नाही. थेट फरशीवर ती छान बसते. पण नवी उघडल्यावर जो वास येतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. अशा फोममध्ये फॉर्मामाइड नावाचं रसायन सापडल्यावर बेल्जियमनं २०१० साली कोड्यासारख्या जोडायच्या फोम मॅटवर बंदी घातली. पुढं २०१५ साली युरोपीय संघानं खेळण्यांच्या फोममध्ये ते किती चालेल याची मर्यादा ठरवली. त्यामुळं नवी मॅट आधी काही दिवस गच्चीत, हवेशीर सावलीत उघडी ठेवायची. सुटी होणारी अक्षरं मात्र काढूनच टाकायची. ती थेट तोंडात जातात.

रोज उचला, नाहीतर फसाल

थरांवर थर घातले, की त्यांच्या मध्ये ओल दडून बसते. दूध, लाळ, शू... वरचं कापड कोरडं दिसतं आणि खाली कार्पेट कुबट वास मारायला लागतं. पावसाळ्यात तर बुरशीला आमंत्रणच. जपानमध्ये तातामी चटयांवर फुतोन घालून झोपतात, तिथंही सकाळी अंथरूण उचलायची शिस्त आहे, ती याच कारणासाठी. आपल्याकडेही उन्हात गोधड्या टाकायच्या, काठीनं झोडपायच्या, हे आलंच.

अंथरण्याआधी बघून घ्या

* जाड, लांब लवेच्या कार्पेटवर थर घालणं टाळा. लव जितकी बुटकी, तितकं अंथरूण स्थिर.
* मधला थर खरबरीत आणि ताठ हवा. घोंगडी नसेल तर जाड सतरंजी चालते. फक्त चारही कोपऱ्यांना नाड्या शिवून त्या दिवाणाच्या किंवा सोफ्याच्या पायांना बांधा आणि कडेखाली आत सारा.
* लोकर बाळाच्या अंगाला लागू देऊ नका. गोधडी घोंगडीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठी हवी.
* गोधडीचे उसवलेले टाके आधी कापा. सुटा धागा बाळाच्या बोटाला आवळून बसू शकतो.
* मध्ये प्लास्टिक घालू नका. ओल वर यायची वाटच बंद होते.
* मोकळी कड सपाट हवी. बाळाला कडेवर घेऊन आपणच अडखळलो, तर सगळंच मुसळ केरात!
* रोज सगळे थर उचला, खालचं कार्पेट हातानं चाचपा. आठवड्याला व्हॅक्यूम, गोधडीला कडक ऊन.

पुण्यातला पहिला सोमवार

रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ताईच्या सामानात लॅपटॉपची बॅग होती, भाचीच्या कपड्यांची बॅग होती आणि सुतळीनं बांधलेली घोंगडी-गोधडीची वळकटी होती. दाजी म्हणाले, "हे सगळं फ्लॅटमध्ये कसं दिसेल?" ताईनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की तो विषय तिथंच संपला.

फोमची मॅट हिंगोलीलाच राहिली. आता ती बाबांच्या पायाखाली असते, पेपर वाचताना.

पहिल्या सोमवारी ताई ऑफिसला गेली. दर तासाला फोन करायचा असं तिनं ठरवलं होतं. दुपारपर्यंत दोनदाच केला. दोन्ही वेळा मावशींनी व्हिडिओ दाखवला. भाची पालथी, मान वर, मुठीत गोधडीचा काठ. अंथरूण होतं तिथंच.

संध्याकाळी आईचा फोन आला. कशी आहेस नाही, ऑफिस कसं गेलं नाही. पहिलाच प्रश्न, "आज अंथरूण उचललं होतंस का?"

ताई गप्प. मग उठली, भाचीला कडेवर घेतलं आणि एका हातानं गोधडी उचलायला लागली.