मासेमारी नौकेची निवड : नौका, किनारा आणि वाहतूक यांचा एकत्रित विचार

ऑगस्ट 2018 मध्ये केरळमध्ये महापूर आला, तेव्हा मदतकार्यात एक वेगळे दृश्य देशाने पाहिले. समुद्रकिनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या, किनाऱ्यापासून दूर असलेल्या जलमय गावांपर्यंत नेल्या आणि हजारो लोकांना सुखरूप बाहेर काढले. मच्छीमारांचे धैर्य आणि पाण्याची जाण यांचे या कार्याबद्दल सर्वत्र कौतुक झाले व ते योग्यच होते. तथापि, या घटनेमागे एक तांत्रिक बाबही होती. या होड्या माणसांच्या बळावर उचलता येतील आणि मालवाहू वाहनात मावतील अशा होत्या. बंदरात नांगरलेली अवजड यांत्रिक नौका या कामी उपयोगी पडली नसती.

मासेमारी नौकेची निवड करताना तिची लांबी, इंजिनाची शक्ती आणि किंमत यांचा विचार सर्वप्रथम केला जातो. परंतु नौका दिवसातील किंवा वर्षातील बराच काळ पाण्याबाहेर अथवा किनाऱ्याजवळ असते. तिला पाण्यात कसे लोटावयाचे, बाहेर कसे काढावयाचे, वादळापूर्वी सुरक्षित जागी कसे न्यावयाचे, हा प्रश्न नौकेच्या निवडीपासून वेगळा करता येत नाही. भारतातील मत्स्यव्यवसायाच्या विकासाचा गेल्या सात दशकांचा अनुभव हेच सांगतो.

नौकांचे तीन वर्ग

मत्स्यव्यवसायाच्या आकडेवारीत नौकांचे सर्वसाधारणपणे तीन वर्ग केले जातात. वल्हे वा शिडावर चालणारी ती बिगर-यांत्रिक नौका. पारंपरिक पद्धतीच्या होडीला इंजिन बसवून त्याचा उपयोग केवळ प्रवासासाठी केला जात असेल, तर ती मोटरीकृत नौका. जिच्यात इंजिन कायमस्वरूपी बसवलेले असते आणि जाळे ओढण्यासारखी कामेही यंत्राने होतात, ती यांत्रिक नौका. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केलेल्या 2010 च्या सागरी मत्स्यव्यवसाय गणनेनुसार देशात 1,94,490 नौका होत्या. त्यांत यांत्रिक व मोटरीकृत नौकांचे प्रमाण प्रत्येकी सुमारे 37 टक्के, तर बिगर-यांत्रिक नौकांचे 26 टक्के होते. याच गणनेत 3,288 मच्छीमार गावांची आणि 1,511 मासळी उतरवण्याच्या केंद्रांची नोंद आहे. यांपैकी बंदराच्या सर्व सोयी असलेली केंद्रे थोडी आहेत. बहुसंख्य ठिकाणी उघडी पुळण हेच मच्छीमारांचे बंदर असते.

किनाऱ्यानुसार घडलेल्या होड्या

भारताच्या पारंपरिक होड्या किनाऱ्याच्या स्वरूपाप्रमाणे घडल्या आहेत. कोरोमंडल किनारा बराचसा सरळ व उघडा आहे. तेथे लाटा किनाऱ्यालगतच फुटतात. या लाटांतून जाण्यासाठी तमिळ मच्छीमारांनी 'कट्टुमरम' वापरले. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधून तयार केलेले हे साधन बुडत नाही, कारण त्यात पाणी साठतच नाही. किनाऱ्यावर आल्यावर दोर सोडून ओंडके सुटे करता येतात व खांद्यावरून नेऊन वाळवता येतात. वाहतुकीचा प्रश्न येथे होडीच्या रचनेतच सोडवलेला आहे.

दक्षिणेतील नद्या व जलाशयांवर दिसणारी टोपलीसारखी गोल होडी हे दुसरे उदाहरण होय. तमिळमध्ये तिला 'परिसल', तर कन्नडमध्ये 'तेप्प' म्हणतात. बांबूच्या विणीवर जलरोधक आवरण चढवून केलेली ही होडी एकटा मच्छीमार पाठीवर वा डोक्यावर घेऊन एका काठावरून दुसऱ्या काठावर जाऊ शकतो.

कोकणची स्थिती याहून भिन्न आहे. येथे खाड्यांचा आसरा असल्याने मोठ्या व वजनदार लाकडी नौका बांधणे शक्य झाले. सातपाटी व वर्सोवा पद्धतीच्या नौका याच परिस्थितीत विकसित झाल्या. पावसाळ्यापूर्वी या नौका किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात, त्या शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा समुद्रात उतरतात. वर्षातून एकदाच ओढावयाच्या नौकेचे वजन अधिक असले तरी चालते. रोज ओढावयाच्या होडीबाबत मात्र प्रत्येक किलोग्रॅमचा हिशेब करावा लागतो.

यांत्रिकीकरणाचा अनुभव

स्वातंत्र्योत्तर काळात मासेमारीच्या आधुनिकीकरणाचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यातील 1952 च्या करारानुसार 1953 पासून आजच्या केरळमधील नींडकरा परिसरात त्याचे काम सुरू झाले. पुढे या भागात यांत्रिक नौकांची संख्या वाढली, उत्पादन वाढले आणि कोळंबीच्या निर्यातीला चालना मिळाली. मात्र या नौकांना सुरक्षित आसरा आवश्यक होता. नींडकरा हे अष्टमुडी सरोवराच्या मुखाशी असल्याने तो तेथे उपलब्ध झाला. उघड्या पुळणीवरील गावांना हे प्रतिरूप जसेच्या तसे स्वीकारता येण्यासारखे नव्हते. यांत्रिक नौका बंदरांभोवती एकवटल्या, तर पुळणीवरचा मच्छीमार जुन्याच साधनांसह राहिला.

ही उणीव दूर करण्याच्या दिशेने दोन महत्त्वाचे प्रयत्न झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा बंगालचा उपसागर कार्यक्रम 1979 मध्ये सुरू झाला. तत्कालीन मद्रास येथे मुख्यालय असलेल्या या कार्यक्रमाने पुळणीवर उतरू शकणाऱ्या डिझेल नौका विकसित केल्या. त्यांत इंजिन व पंखा एकत्रितपणे वर उचलता येईल अशी रचना होती. त्यामुळे उथळ पाण्यात पंखा वाळूवर आपटण्याचा धोका टळत असे. दुसरा प्रयत्न दक्षिण केरळात झाला. तेथे 1980 च्या दशकात दक्षिण भारत मच्छीमार संस्था महासंघाने आपल्या कार्यशाळांमधून प्लायवुडच्या होड्या मच्छीमारांना उपलब्ध करून दिल्या. होडी बदलली, परंतु किनारा तोच राहील, हे गृहीत धरून केलेले हे प्रयत्न होते.

त्सुनामीनंतरची परिस्थिती

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मासेमारी साधनांची मोठी हानी झाली. पुनर्वसनात काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे बोलीभाषेतील 'फायबर'च्या होड्या मोठ्या प्रमाणावर देण्यात आल्या आणि कट्टुमरमची जागा वेगाने त्यांनी घेतली. फायबरची होडी अधिक मासळी वाहून आणते, दूरवर जाते व तिची देखभालही सोपी असते. परंतु काही ठिकाणी गरजेपेक्षा अधिक होड्या दिल्या गेल्या आणि काही होड्यांच्या दर्जाबद्दल तक्रारी पुढे आल्या.

यातून किनाऱ्यावरील कामाचे स्वरूपही बदलले. कट्टुमरमचे ओंडके दोन-चार जणांना उचलता येत. इंजिन व जाळ्यासह फायबरची होडी वाळूवरून ओढण्यास अनेक माणसे लागतात. साहजिकच अनेक पुळणींवर या कामासाठी ट्रॅक्टर आले. श्रम वाचले, पण प्रत्येक फेरीमागे एक नवा खर्च जोडला गेला. होडीच्या किमतीत हा खर्च दिसत नाही. ज्या गावात ट्रॅक्टर नाही, तेथे होडी भरतीरेषेजवळच ठेवली जाते आणि अचानक उधाण आले तर तिचे नुकसान होते. म्हणून होडी देणारी कोणतीही योजना ती ओढण्याच्या साधनाचा विचार केल्याशिवाय अपुरी राहते.

निवडीचे निकष

या अनुभवांवरून छोट्या मच्छीमारासाठी नौका निवडण्याचे काही निकष सांगता येतात.

पहिला निकष किनाऱ्याचा. खाडी, बंदर, उघडी पुळण की जलाशय, यावर वजनाची मर्यादा ठरते. पुळणीवर सपाट तळाची व कमी डूब असलेली होडी सोयीची असते. खोल समुद्रातील उंच लाटांत मात्र उतरता तळ अधिक स्थिर प्रवास देतो.

दुसरा निकष मासेमारीच्या पद्धतीचा. गळ व तरती जाळी यांसाठी हलकी होडी पुरते. डोल जाळ्यासाठी वजन पेलणारी, तर ओढजाळ्यासाठी अधिक शक्तीची नौका लागते.

तिसरा निकष इंजिनाचा. बाहेरून बसवावयाचे आउटबोर्ड इंजिन हलके असते, वर उचलता येते आणि रात्री काढून घरी नेता येते. कायम बसवलेले डिझेल इंजिन इंधनाच्या दृष्टीने सामान्यतः काटकसरीचे असते, परंतु त्याचे वजन व खाली असणारा पंखा पुळणीवर अडचणीचा ठरतो. इंधन हा चालू खर्चातील मोठा घटक असल्याने गरजेपेक्षा अधिक शक्तीचे इंजिन घेणे नुकसानीचे असते.

चौथा निकष साहित्याचा. लाकडाची दुरुस्ती गावातच होते, पण चांगले लाकूड महाग झाले आहे. प्लायवुड हलके असते, परंतु त्याचे आयुष्य जोडकामाच्या दर्जावर अवलंबून असते. फायबर टिकाऊ असले तरी खडकावर वा वाळूवर सतत घासल्यास त्याचा तळ झिजतो.

ट्रेलरची निवड

होडी रोज ओढावयाची असेल वा एका जलाशयाहून दुसरीकडे न्यावयाची असेल, तर ट्रेलर उपयुक्त ठरतो. येथे सर्वांत सामान्य चूक म्हणजे केवळ रिकाम्या होडीचे वजन धरणे. उदाहरणार्थ, होडीचे वजन 600 किलोग्रॅम, इंजिन 50, इंधन 40, जाळी 150 आणि बर्फाची पेटी 60 किलोग्रॅम असेल, तर प्रत्यक्ष भार 900 किलोग्रॅम होतो. त्यात ट्रेलरचे स्वतःचे 300 किलोग्रॅम मिळवल्यास ओढणाऱ्या वाहनावर 1,200 किलोग्रॅमची जबाबदारी येते. ओली जाळी व मासळी यांमुळे त्यात आणखी भर पडते. म्हणून ट्रेलरची क्षमता हिशेबापेक्षा काहीशी अधिकच असावी.

भाराची विभागणीही तितकीच महत्त्वाची आहे. एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के भार वाहनाला जोडणाऱ्या कडीवर यावा, असा सर्वमान्य संकेत आहे. वरील उदाहरणात तो 60 ते 120 किलोग्रॅम होईल. भार फार मागे गेला, तर वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो. तो फार पुढे आला, तर वाहनाची मागची बाजू दबते व सुकाणू हलके पडते. होडीचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, ट्रेलरवरील रुळांवर टेकलेला असावा. सर्व भार दोन-तीन बिंदूंवर आल्यास फायबरच्या तळाला तडे जातात.

वाळूसाठी रुंद चाके, खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा आणि वापरानंतर गोड्या पाण्याने धुणे, या गोष्टी अपरिहार्य होत. रस्त्यावरून आलेल्या ट्रेलरची तापलेली चाके लगेच समुद्रात उतरवल्यास बेअरिंग एकदम थंड होऊन त्यात खारे पाणी शोषले जाते. ती आधी थंड होऊ द्यावीत. सन 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या असून, सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यापूर्वी नोंदणीची पूर्तता करणे आवश्यक असते. एकट्या मच्छीमाराला ट्रेलर व ट्रॅक्टर परवडत नसल्यास सहकारी संस्थेमार्फत सामायिक व्यवस्था करणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

कायदा आणि धोरण

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील (नोंद 21) विषय आहे, तर प्रादेशिक समुद्राबाहेरील मासेमारी संघसूचीत (नोंद 57) येते. प्रादेशिक समुद्राची मर्यादा 12 सागरी मैल आणि विशेष आर्थिक क्षेत्राची 200 सागरी मैल आहे. केरळ व गोव्याने 1980 मध्ये, तर महाराष्ट्राने 1981 मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. पारंपरिक मच्छीमारांच्या क्षेत्राचे यांत्रिक नौकांपासून संरक्षण, हा त्यांमागील एक प्रमुख हेतू होता. म्हणजेच नौकेची निवड ही तिच्या मालकाला कोठे मासेमारी करता येईल, याचीही निवड ठरते.

केंद्र शासनाने 2019 मध्ये मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय यांचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले आणि 2020 मध्ये 20,050 कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना जाहीर केली. पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होड्यांच्या जागी नव्या होड्या व जाळी, तसेच खोल समुद्रातील नौका घेण्यासाठी साहाय्य या योजनेत समाविष्ट करण्यात आले. लाभार्थीभिमुख घटकांत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिलांना 60 टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद ठेवण्यात आली. मासेमारी बंदरे आणि मासळी उतरवण्याची केंद्रे यांच्या विकासालाही तीत स्थान देण्यात आले.

समारोप

नौकेवरील अनुदानाचे यश वाटप केलेल्या नौकांच्या संख्येवरून मोजता येत नाही. ती नौका रोज पाण्यात उतरते काय, वादळाची सूचना मिळताच सुरक्षित जागी नेता येते काय आणि तिला ओढण्याचा खर्च वजा जाता मच्छीमाराच्या हाती काही उरते काय, हे खरे निकष होत. कट्टुमरम बांधणाऱ्यांनी होडी आणि किनारा यांचा विचार एकत्र केला होता. मोठी इंजिने व नवे साहित्य उपलब्ध असलेल्या आजच्या काळातही ती दृष्टी जुनी झालेली नाही. नौका, किनारा आणि त्यांना जोडणारे वाहतुकीचे साधन यांचे नियोजन एकाच वेळी झाले, तरच शासनाने आणि मच्छीमाराने केलेली गुंतवणूक सार्थकी लागेल.