लवकर म्हणजे काय काय?



माझ्या शब्दार्थाच्या वहीत फास्ट, क्विक, हरी अप, स्पीड अप आणि रश या पाच शब्दांपुढे एकच अर्थ लिहिला होता. लवकर. मी पाचही पाठ केले. पण मनात यायचं, एका लवकरला इंग्रजीत पाच शब्द कशाला? मग गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला विंचू चावला आणि त्या रात्री ते शब्द मला थोडे थोडे कळले.

भावाने सरपणाच्या ढिगात हात घातला होता. थोड्याच वेळात त्याचे हातपाय गार पडले. घाम सुटला, उलटी झाली. वडील म्हणाले, आता वाट बघायची नाही. काकांनी जीप काढली. आई, आजी आणि मी पण बसलो. आई सारखी म्हणत होती, "भावजी, लवकर घ्या हो." काका म्हणाले, "वहिनी, रेस पुरी दाबलीय. घाट आहे ना."

आपण जिला रेस म्हणतो तिचे खरे नाव एक्सलरेटर. इंग्रजीत रेस म्हणजे शर्यत. एक्सलरेट म्हणजे वेग वाढणे किंवा वाढवणे. घाटात काटा २० च्या पुढे जाईना. घाट संपला तसा काटा २० वरून ४० वर आणि ४० वरून ६० वर गेला. गाडी एक्सलरेट झाली ती तेव्हा. पुढे सपाट रस्त्याला ती ६० वरच राहिली. तेव्हा ती फास्ट होती, पण एक्सलरेट होत नव्हती. हे मला दोनदा समजून घ्यावं लागलं. फास्ट म्हणजे वेग जास्त असणे आणि एक्सलरेट म्हणजे तो वाढत जाणे.

दवाखान्यात डॉक्टर नर्सबाईंना म्हणाले, "सिस्टर, हरी अप!" आजीने लगेच हात जोडले. मला म्हणाली, "बघ, डागदर हरीचं नाव घेतोय. आता पोराला काही होत नाही." तेव्हा मला हसू आलं नाही, आता येतं. हरी अप म्हणजे घाई कर. हे माणसाला म्हणतात. जीपला किंवा पाण्याच्या मोटारीला कोणी हरी अप म्हणत नाही. यंत्राला आणि कामाला स्पीड अप म्हणतात.

मग डॉक्टरांनी भावाचं मनगट धरलं आणि म्हणाले, "पल्स फास्ट आहे." मला आनंद झाला. मला वाटलं, फास्ट म्हणजे छानच की! पण वडिलांचं तोंड एवढंसं झालं. पल्स म्हणजे नाडी. ती फार जोरात चालली होती आणि ते चांगलं नव्हतं. शर्यतीत फास्ट चांगले, नाडीला नाही.

भावाला आम्ही दवाखान्यात नेलं त्याला इंग्रजीत रश म्हणतात, म्हणजे तातडीने, धावपळ करत नेणे. पण गणित सोडवताना गुरुजी डोन्ट रश म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ गडबड करू नको. शब्द एकच!

आपल्या मराठीत तरी काय वेगळं आहे? आपण चटकन ऊठ म्हणतो, भरभर जेव म्हणतो, झपझप चाल म्हणतो. झपझप जेव म्हणून बघा, घरातले हसतील.

नंतर गुरुजींनी मला त्यांचा मोठा शब्दकोश दाखवला. फास्ट म्हणजे उपवास पण होतो, घट्ट आणि पक्का असा पण होतो. आईच्या एका साडीवर फास्ट कलर असा शिक्का होता. मी समजत होतो की हा रंग भराभर जाणार! उलट तो न जाणारा रंग असतो.

सगळ्यात मला आवडला क्विक. फार जुन्या इंग्रजीत क्विक म्हणजे जिवंत. पारा सारखा हलतो, चांदीसारखा चमकतो, म्हणून त्याला क्विकसिल्व्हर म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने चहा आणि बिस्कीट मागितलं. आई तेव्हा रडली, रात्री रडली नव्हती. क्विकचा अर्थ मी भावाला सांगितला तर तो म्हणाला, "मग मी क्विक आहे." आता सरपण काढायच्या आधी तो ढिगावर काठी आपटतो. आणि मी उठायला उशीर केला की आजी दारातून ओरडते, "हरी अप रे, हरी अप!"

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी