टेबल चांगलं झालं पाहिजे

१९४२ साली, ऐन युद्धात, इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी एका भाषणात चर्चलाच चार शब्द सुनावले. सुताराला तुम्ही दारू सोड, रविवारी प्रार्थनेला ये, एवढंच सांगता. त्याच्या धर्माचं पहिलं मागणं टेबल चांगलं करण्याचं आहे, हे का सांगत नाही? सेयर्सबाईंचा सगळा जन्म या एका वाक्याभोवती फिरला, असं मला वाटतं.

१८९३ मध्ये ऑक्सफर्डला एका पाद्र्याच्या घरी त्या जन्मल्या. १९१५ मध्ये तिथेच पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. बाई म्हणून पदवी मात्र हाती पडली ती १९२० मध्ये. पुढे लंडनच्या जाहिरात कंपनीत मोहरीच्या आणि गिनेस बिअरच्या जाहिराती लिहिल्या, आणि कादंबऱ्यांतून लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी गुप्तहेर उभा केला. पहिली कादंबरी १९२३ची.

विम्झीच्या कादंबऱ्यांतली ‘द नाईन टेलर्स’ (१९३४) जरूर वाचावी. लहानपणी पाहिलेला पाणथळ मुलूख, गावचं चर्च आणि तिथल्या घंटा. आठ घंटांचा क्रम दर फेरीला बदलत तासन्‌तास वाजवायचा, आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. हे गणित बाईंनी पुस्तकांतून घोटून घेतलं. गावात पुरुष दगावला की नऊ टोले; शीर्षक त्यावरूनच. खुनी कोण, ते अर्थातच सांगत नाही.

पण सर्वांत मोठं रहस्य त्यांच्याच घरात होतं. जानेवारी १९२४ मध्ये, लग्नाआधी, त्यांना मुलगा झाला. त्याला मावस बहिणीनं वाढवलं. आईवडिलांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. पापाबद्दल त्या लिहीत, तेव्हा तो शब्द नुसता पोथीतला नसे.

१९४१च्या अखेरीस बीबीसीवर त्यांची येशूवरची नाटकं येऊ लागली. पात्रं रोजच्या बोलीत बोलतात म्हणून कर्मठांनी काहूर माजवलं. बाईंनी बोली सोडली नाही. १९४३ मध्ये आर्चबिशपनी देऊ केलेली धर्मशास्त्राची डॉक्टरेटही नाकारली.

१९४४ मध्ये हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तेव्हा हाताशी लागलेलं कवी दान्तेचं पुस्तक घेऊन त्या आसऱ्याला गेल्या आणि त्यातच बुडाल्या. पन्नाशी उलटलेली. दान्तेच्या महाकाव्यातल्या ‘नरक’चा त्यांनी केलेला अनुवाद १९४९ला आला, ‘शुद्धिलोक’चा १९५५ला. डिसेंबर १९५७ मध्ये त्या गेल्या तेव्हा ‘स्वर्ग’ अर्ध्यावर होता. उरलेले सर्ग मैत्रीण बार्बरा रेनल्ड्स यांनी पुरे केले.