नाले, चाऱ्या, शेततळी आणि मिथेन

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवा जालना वसलेला असून, दोन्ही बाजूंच्या वस्त्यांचे सांडपाणी आणणारे नाले याच नदीपात्राला मिळतात. शहराबाहेर अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून जायकवाडीचा 208 किलोमीटर लांबीचा डावा कालवा आणि त्याच्या चाऱ्या जातात, तर कडवंचीच्या द्राक्षबागा शेततळ्यांच्या भरवशावर उभ्या आहेत. माणसाने खोदलेले हे जलस्रोत दुष्काळी जिल्ह्याचा आधार आहेत. परंतु हवामान तापवणारे वायूही त्यांतून बाहेर पडतात, याची दखल अलीकडेच घेतली जाऊ लागली आहे.

सांडपाण्यातील मैला, पालापाचोळा आणि मेलेले शेवाळ तळाशी बसून कुजू लागले की गाळातील प्राणवायू संपतो आणि प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव त्या सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन तयार करतात. उन्हाळ्यात साचलेल्या नाल्याचा काळा गाळ काठीने ढवळला असता जे बुडबुडे वर येतात, त्यांत हाच वायू असतो. खोल जलाशयात वर येताना त्याचा बराचसा भाग पाण्यातील जिवाणू वापरून टाकतात. उथळ नाल्यात मात्र तो थेट हवेत मिसळतो. शेतातून वाहून आलेल्या युरियातील नत्रापासून नायट्रस ऑक्साइड हा आणखी प्रखर वायू तयार होतो.

हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने, म्हणजेच ‘आयपीसीसी’ने, 2019 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत कालवे व चर यांच्यासाठी दर हेक्टरी वर्षाला 416 किलो, तर लहान तळ्यांसाठी 183 किलो मिथेन ही जागतिक सरासरी धरली आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट उष्णता रोखत असल्याने, कालव्या-चरांच्या एका हेक्टरचा भार अकरा टन कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. त्याच सरासरीने तीस मीटर लांब-रुंद शेततळ्यातून वर्षाला सोळा किलोंच्या आसपास मिथेन निघेल. अर्थात तापमान, गाळ आणि पाण्यातील घाण यांनुसार हे प्रमाण बदलते. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याचा हिशेब सांडपाण्याच्या नाल्याला लागू पडत नाही, आणि म्हणूनच मराठवाड्यातील जलस्रोतांची स्थानिक मोजणी आवश्यक ठरते.

याचा अर्थ शेततळी बुजवावीत असा मुळीच नाही, कारण दोष पाण्याचा नसून त्यात साचणाऱ्या घाणीचा आहे. सांडपाणी प्रक्रियेविना नाल्यात न सोडणे, खत पिकाच्या गरजेपुरतेच देणे आणि गाळ वेळेवर काढून शेतात पसरणे हे उपाय परिचयाचेच आहेत. राज्याच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा हेतू साठवण वाढवणे आणि जमीन सुपीक करणे हा आहे. त्याच कामाला आता वायू-उत्सर्जनाच्या मोजणीची जोड द्यावी आणि तिची सुरुवात जालना शहराच्या नाल्यांपासून करावी.