खोडव्याला लागणीचं माप लावावं का? : ‘यामातो’च्या दुसऱ्या पर्वाविषयी

आज प्रश्न असा आहे. एखाद्या जपानी ॲनिमे मालिकेचं पहिलं पर्व गाजतं, मग दुसरं येतं, आणि ‘पहिल्याची सर नाही’ असा निकाल चार दिवसांत लागतो. निकाल लागतो, पण माप कोणतं लावलं ते कोणी सांगत नाही. ते माप आज शोधू. उदाहरणाला ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ घेऊ.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली ही २६ भागांची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर आली. गामिलास ग्रहाच्या बॉम्बमाऱ्यामुळे पृथ्वी किरणोत्सर्गानं होरपळली आहे, माणसाकडे एकच वर्ष उरलं आहे. आटलेल्या समुद्राच्या तळाशी पडलेल्या जुन्या युद्धनौकेच्या जागी एक अंतराळयान उभं राहतं. ते १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षांवरच्या इस्कंदार ग्रहावर जातं आणि किरणोत्सर्ग दूर करणारं यंत्र घेऊन परत येतं. किती दिवस उरले, हे दर भागाच्या शेवटी सांगतात. यान पोचतं, पृथ्वी वाचते, कॅप्टन ओकिता पृथ्वी दिसल्यावर प्राण सोडतो. गोष्ट पूर्ण झाली.

ॲरिस्टॉटलच्या मते शेवट म्हणजे ज्याच्यानंतर आणखी काही यावं लागत नाही. मग दुसरं पर्व हवंच कशाला?

याचं उत्तर बारामती-इंदापूरच्या कुठल्याही ऊसवाल्याला ठाऊक आहे. लागणीचा ऊस तुटून कारखान्याला गेला की तो लगेच रान नांगरत नाही. बुडखे छाटून खोडवा ठेवतो. एकरी टनेज बहुधा लागणीपेक्षा कमी पडणार, हे धरूनच चालतो. बेणं वाचलं, नांगरट वाचली, हा हिशेब त्याच्याकडे असतो. खोडवा चांगला की वाईट हे ठरवताना तो दोन गोष्टी बघतो : जुनं मूळ जिवंत आहे का? आणि जिथं बेट मेलं तिथं नांग्या नीट भरल्या का? दुसऱ्या पर्वाला हीच दोन मापं लावून बघू.

‘यामातो’चं मूळ कोणतं? नावातच आहे. खरी ‘यामातो’ ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या वाटेवर बुडाली. परत येण्याची आशा न धरता तिला धाडलं होतं. १९७४ च्या गोष्टीनं तीच नौका वर काढली आणि तिला उलटं काम दिलं : जा, आणि परत ये. माझ्या मते मालिकेचं मूळ हे आहे.

आता १९७८ कडे या. ऑगस्टमध्ये ‘निरोप’ सांगणारा चित्रपट आला. धूमकेतू साम्राज्य पृथ्वीवर चालून येतं, बहुतेक खलाशी मरतात, आणि शेवटी नायक कोदाई यान घेऊन शत्रूवर जाऊन आदळायला निघतो. प्रेक्षक ढसाढसा रडले. पण बघा, नौका पुन्हा १९४५ च्या वाटेला लागली. ऑक्टोबरमध्ये तीच कथा ‘यामातो २’ म्हणून २६ भागांत आली, आणि शेवट बदलला. कोदाई आणि युकी वाचतात. तेरेसा ही परग्रहावरची स्त्री त्यांच्याऐवजी शत्रूला सामोरी जाते. शेवटचा भाग दाखवला गेला ७ एप्रिल १९७९ ला. तारीख ध्यानात आली ना?

काहीजण म्हणतात, ही पळवाट आहे, चित्रपटाचा शेवट थोर होता. मला तसं वाटत नाही. मरण दाखवलं की गोष्ट आपोआप थोर होत नाही. दुसऱ्या पर्वानं मूळ राखलं. शिवाय त्याला स्वतःचा प्रश्न आहे : वाचलेली पृथ्वी काय शिकली? ती श्रीमंत झाली, ‘अँड्रोमेडा’ नावाची नवी प्रचंड नौका बांधून शस्त्रांवर विसंबली. तेरेसाची हाक ऐकायला ‘यामातो’च्या लोकांना हुकूम मोडून निघावं लागतं. हा फुटवा जुन्या बुडख्यातूनच आलेला आहे.

दोष आहेत. चित्रपटाची कथा २६ भागांवर ताणल्यामुळे लढाया लांबतात. आणि कोदाईचं मरण टळलं ते दुसरीच्या जिवावर, हा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. पण या पर्वात मेलेले मेलेलेच राहतात. यंत्रप्रमुख तोकुगावा जातो, साइतो जातो, त्यांची जागा रिकामी दिसते.

याउलट १९८३ च्या ‘अंतिम यामातो’त कॅप्टन ओकिताच जिवंत होऊन परत येतो. पहिल्या पर्वात त्याच्यासाठी ज्यांनी डोळे पुसले, त्यांचं काय? मरणाऱ्याला वाचवणं आणि मेलेल्याला उठवणं, या दोन गोष्टींत फरक आहे. पहिली लेखकाची निवड असते. दुसरीमुळे मागचं सगळं खोटं पडतं. मेलेल्या बेटावर हिरवा रंग फासला म्हणून नांगी भरली असं होत नाही.

तेव्हा नवं पर्व बघायला बसाल तेव्हा ‘पहिल्याइतकं आहे का’ हे विचारू नका. मूळ राखलं का, आणि झालेल्या नुकसानीचा मान ठेवला का, एवढं विचारा. ‘यामातो २’ माझ्या हिशेबात चांगला खोडवा आहे. तुमचा हिशेब वेगळा आला तर मांडा. मात्र माप सांगून मांडा.